डाव्या वळणावरचा हॉर्न

दाजी, मी गाडीच्या मागं उभा होतो आणि लाल दिवा लागला होता.

“लागली!” मी ओरडलो. पुढं बसून तुम्ही ब्रेक दाबायचा आणि मागं उभं राहून मी लाइट लागली की नाही ते सांगायचं, हा आपल्या शेडमधला जुना शिरस्ता. वायरिंगचं हे काम एकट्या माणसाला होत नाही. पाय पुढं लागतो आणि डोळे मागं. “लागली दाजी, सोडा आता,” मी पुन्हा म्हणालो. दिवा तसाच. मला वाटलं, चेष्टा चाललीय. भर चैतातल्या दुपारी पत्र्याखाली मेहुण्याला ताटकळत ठेवायचं, हा दाजी लोकांचा हक्कच असतो. “अहो, पाय काढा की! बॅटरी उतरायली,” असं वैतागून ओरडत मी पुढं आलो.

तुम्ही नीट बसला होता. एक हात स्टिअरिंगवर, ओठांत काळ्या टेपचा तुकडा धरलेला, मान जराशी कललेली. डुलकी लागली असावी तसे. पाय ब्रेकवर. मी हाक मारली, गालाला हात लावला, परत हाक मारली. मग काय करावं ते सुचेना, म्हणून खाली वाकलो आणि दोन्ही हातांनी तुमचा पाय पेडलवरून उचलला. मागच्या पत्र्यावर पडलेला लाल उजेड गेला.

“त्यांना काही कळलंसुद्धा नाही,” डॉक्टर म्हणाले. मला धीर द्यायला म्हणत होते बिचारे. पण मलाही काही कळलं नाही, त्याचं काय करायचं? भेटायला येणारा प्रत्येक माणूस विचारतो, आजारी होते का? छातीत कळ आली होती का? मी सांगतो, अहो, सकाळी टँकरवर भांडत होते. कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसत नाही. काल तुमच्या गावी मुखेडला जाऊन परत आलो, शेडचं शटर उचललं आणि सवयीनं दोन चहा सांगितले. पोऱ्यानं दोन कप आणून ठेवले. तुमचा गार झाला, मग मीच प्यालो.

टँकरचं खरंच सांगतो. लातूरला रेल्वेनं पाणी येणार असं तेव्हा म्हणत होते, पण तोवर गल्लीत टँकरच. त्या सकाळी घागरी घेऊन रांगेत उभे होता आणि तुमचं लक्ष पाण्यावर नव्हतंच. टँकरचा मागचा इंडिकेटर लागत नव्हता. तुम्ही ड्रायव्हरला खाली उतरवलंत आणि दिव्याची काच खोलून बसलात. बाया ओरडायल्या, “ओ मिस्त्री, आधी पाणी सोडू द्या, मग तुमची दिवाळी करा!” तुम्ही म्हणालात, “लेकराच्या अंगावर वळला म्हंजी?” इंडिकेटर लावून दिलात आणि मग घागरी भरून स्वतः घरी नेल्यात. असा माणूस दुपारी जातो का? रीत असते का काही?

गाडी आपली ती जुनीच, काळी, उघड्या टपाची विलायती मोटार. लातूर नवं नवं जिल्हा झालं तेव्हा साहेब लोकांच्या जीपा आल्या, आणि त्यांच्या मागं तुम्ही मुखेड सोडून नांदेड रोडला शेड टाकली. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, अक्काच्या घरी राहून काम शिकायला आलेला. त्याच सुमारास धर्माबादच्या एका आडत्याच्या गोदामात, मिरचीच्या पोत्यांमागं, ही गाडी तुम्हाला दिसली. आत कोंबड्या बसायच्या. आडत्याला जागा मोकळी करून पाहिजे होती. तो म्हणाला, चालू करून नेत असशील तर ने. तुम्ही तिथंच मुक्काम ठोकलात, आणि गाडी चालवत घरी आलात तेव्हा मिरचीनं तुमचे डोळे एवढे सुजले होते की अक्काला वाटलं, कुणीतरी मारलं.

तिच्यातल्या वायरी कापडात गुंडाळलेल्या. सगळ्यांचा रंग एकच, मातीचा. कुठली कुठं जाते ते बघून कळायचं नाही, हातानं चाचपत जावं लागायचं. मी म्हणायचो, “दाजी, हे जुनं जाळं उपटून टाकू आणि सगळं नवं भरू. दोन दिवसांचं काम.” तुम्ही टेस्ट लॅम्पची टोकं साफ करत म्हणायचात, “पाव्हणं, चोर एक हाय. त्येच्यापायी अख्खी गल्ली पाडायची व्हय?” हा वाद आपण किती वर्षं घातला! मी अजूनही म्हणतो की गल्ली पाडायलाच पाहिजे होती. आता तुम्ही उत्तर द्यायला नाही, तर जिंकल्यासारखंही वाटत नाही.

आणि दुसरा वाद हॉर्नचा.

पहिल्या वर्षी मुखेडला जयंतीच्या मिरवणुकीत ही गाडी सगळ्यात पुढं होती. निळे झेंडे लावलेले, मागच्या सीटवर मांडीवर प्रतिमा घेऊन तुमची आई बसलेली. बाजारगल्लीतून विहाराकडं जायला गाडी डावीकडं वळते तो कोपरा. तुमच्या वडिलांच्या काळात आपल्या माणसांनी त्या कोपऱ्यावर पायातल्या वहाणा काढून हातात घ्यायच्या आणि खालमानेनं पुढं जायचं. म्हातारीनं स्वतः तसं केलेलं. तर बरोबर त्या कोपऱ्यावर गाडी वळली आणि कुणी हात न लावता हॉर्न वाजायला लागला. असा वाजला की बैलं उधळली. तुम्ही गडबडलात, बटणावर बुक्क्या मारायलात, मी बॉनेट उघडायला धावलो. आणि मागून म्हातारी म्हणाली, “वाजू दे रं. लई गप बसलाव आपण हितं.”

तेव्हापासून तो रिवाजच झाला. दुसरं वर्ष तेवढं गप गेलं, ते सोडलं तर गाडी दर वर्षी त्याच कोपऱ्यावर वाजायची, आणि मिरवणूक त्याच्यासाठी थांबायची. लोक आधीपासून कान लावून उभे. पोरंबाळं म्हणायची, गाडी सलाम करती. तुम्ही मात्र गंभीर चेहऱ्यानं सांगायचात, “फॉल्ट हाय.”

फॉल्ट काय ते आपल्या धंद्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या दांड्यातून खाली उतरते. तिचं कापड घासून गेलं आणि उघडी तार लोखंडाला टेकली, की बटण न दाबताच हॉर्न वाजतो. डावीकडं वळलं की टेकते, सरळ झालं की सुटते. तासाभराचं काम. पण तुम्ही हात लावू द्यायचा नाही. मी विचारलं, “मग दुसऱ्या कुठल्या डाव्या वळणावर का नाही वाजत?” तर म्हणालात, “त्या कोपऱ्याला रस्ता उताराचा हाय. चेसीला पीळ बसतो, मग दांडा कलतो.” मी मान डोलावली. जन्म वायरींत घातलेला माणूस मी, मला पटलं! दुसरं कुणी बोललं असतं तर मी त्याला हसून बेजार केलं असतं. पण तुम्ही चेसीचा पीळ म्हणालात, मग असणार पीळ. गेल्या वर्षी मिरवणुकीनंतर जेवताना मी सगळ्यांसमोर म्हणालो, “दाजी, कबूल करा, तुम्हाला तो फॉल्ट सापडतच नाही.” पंगत हसली. तुम्ही भाकर मोडत म्हणालात, “असंल.”

यंदाचा फॉल्ट वेगळा होता. ब्रेकची लाइट बंद. मिरवणुकीत गाडी पावलापावलाला थांबते, मागं बाया आणि लेकरं चालत असतात, लाइट पाहिजेच. पाण्यावाचून उंदरंसुद्धा बेजार झालीत, वायरी कुरतडायलीत, असं तुम्ही म्हणत होता. त्या दुपारी तुम्ही सीटखाली डोकं घालून बराच वेळ होता. मी बघायला वाकलो तर हाकललंत. मग वर उठून बसलात, टेप ओठांत धरली आणि म्हणालात, “थांब, सापडलंय वाटतं. मागं जा.” तुमचं शेवटचं बोलणं हे. कुठं सापडलं, ते सांगितलं नाहीत.

आणि तुम्हाला बाहेर काढताना, चार माणसांच्या ओढाताणीत, ते पुन्हा हरवलं. नंतर मी ब्रेक दाबून आरशात बघितलं, मागचा पत्रा काळाच होता.

जलदान विधीला भन्तेजींनी अक्काच्या हातात तांब्या दिला. भरलेल्या वाटीतून पाणी ओसंडून वाहीपर्यंत धार धरायची असते. तांब्यात पाणी तुम्हीच भरून आणलेल्या घागरीतलं होतं, दाजी. पाणी ताटात सांडत होतं आणि दाराशी उभ्या गल्लीतल्या बाया त्या पाण्याकडं बघत होत्या. अक्का रडली नाही. विधी झाल्यावर तिनं ताटातलं पाणी दारातल्या कडुनिंबाला घातलं आणि मला म्हणाली, “गाडीचं काय करायलास?”

मी म्हणालो, “अक्का, यंदा राहू दे.”

“का? आपल्यात सुतक हाय का?”

आपल्यात सुतक पाळत नाहीत हे खरं, पण मन पाळतं त्याला काय करणार? मला त्या सीटवर बसायचं नव्हतं. मला त्या ब्रेकवर पाय ठेवायचा नव्हता. हे तिला कसं सांगू? तिनंच सांगितलं, “मुखेडची माणसं फोन करून ऱ्हायलीत. गाडी येती का, मिस्त्री न्हाई तर गाडी येती का. मी ‘हाव, येती’ म्हणलंय. आता तू बघ.”

मग बघितलं. तुमच्या पद्धतीनं, गल्ली न पाडता. मागच्या दिव्यापासून सुरुवात केली. बल्ब चांगला. बल्बपासून बॉडीला जाणारी तार चांगली. टेस्ट लॅम्प लावला, करंट नाही. मग एकेका ठिकाणी टोक टोचत पुढं सरकलो. मागच्या सीटखाली नाही, दाराच्या कडेनं नाही. ब्रेक दाबायला माणूस नव्हता, म्हणून पेडलवर बॅटरीचा जुना खोका ठेवला. त्या खोक्याचा मला फार राग आला. शेवटी ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि बोटांना उघडी तार लागली.

उंदरानं कुरतडलेली वायर. दोन्ही टोकं तुम्ही सोललेली होती आणि एकमेकांत पिळलेली, टेप लावायची राहिलेली. ओढाताणीत पीळ अर्धा सुटला होता. पण पीळ उलटा होता. तुम्ही डावखुरे, सगळ्या जगाचा पीळ एकीकडं आणि तुमचा दुसरीकडं. शेडमधल्या कुठल्याही गाडीत कुठला जोड तुमचा आणि कुठला माझा, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. मी बराच वेळ ते टोक बोटांत धरून बसलो. तोंडानं नुसतं “अहो, अहो” म्हणत होतो, बायको नवऱ्याला हाक मारते तसं. ऐकायला कुणी नव्हतं ते बरं झालं.

तो पीळ मी मोडला नाही. आहे तसाच आवळला आणि त्याच्यावर सोल्डरचा डाग दिला.

टेप गुंडाळताना शेजारी आणखी एक जोड हाताला लागला. जुना. टेप वाळून खडक झालेली. उचकटून बघितलं तर उलटा पीळ, तुमचाच. ही वायर कसली? इथं तर दुसरी वायर असायचं कारणच नाही. तिच्या मागं गेलो. एका टोकाला सीटच्या पट्टीला आतून बसवलेलं छोटं बटण होतं, ड्रायव्हरच्या डाव्या टाचेला लागेल असं. दुसरं टोक पुढं, हॉर्नला. मी टाच लावली.

शेड दणाणली. समोरचा पंक्चरवाला धावत आला. मी त्याला म्हणालो, काही नाही, फॉल्ट आहे.

मग मी स्टिअरिंगचा दांडा खोलला. आत नवी वायर, रबरी नळीत घातलेली, कुठं ओरखडा नाही. फॉल्ट नव्हताच, दाजी. कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेला होता. त्या कोपऱ्यावर चेसीला पीळ बसत नव्हता, दांडा कलत नव्हता, दर वर्षी तुमची टाच हॉर्न वाजवत होती. आणि मी मागं उभा! सीटखाली काही बघायचं असलं की तुम्ही मला नेहमी मागंच का पाठवत होता, ते तेव्हा कळलं.

मला आधी संतापच आला, खोटं कशाला सांगू. तसाच हात न धुता घरी गेलो. अक्का तांदूळ निवडत होती. मी बटणाचं सांगितलं. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

“तुला आता सापडलं व्हय?”

“तुला ठाऊक होतं?”

“दुसऱ्या वर्सी त्यांनी वायर बदलली. म्हणले, असा हॉर्न रस्त्यात वाजला तर माणूस मरंल एकांदं. गाडी त्या कोपऱ्यावरून गप गेली. म्हातारी काय बोलली न्हाई, पर दोन दिस भाकर खाल्ली न्हाई तिनं. मग ह्यांनी बटण बसिवलं.”

“पण म्हातारी जाऊन किती वर्षं झाली!”

“मी बी म्हणलं तसंच. तर म्हणले, म्हातारी गेली, कोपरा हायच की.”

“मग मला का नाही सांगितलं?” माझा आवाज चढला. “मी काय परका होतो? दर वर्षी सगळ्यांसमोर मी त्यांना बोलायचो, फॉल्ट सापडत नाही म्हणून. त्यांनी ऐकून का घेतलं?”

“तुझ्या पोटात काय ऱ्हातं का?” अक्का म्हणाली. “गावभर सांगत सुटला असतास. मग बटण दाबून वाजिवलेला हॉर्न, त्याला कोण थांबतंय?” आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. विधीला न आलेलं सगळं रडू तेव्हा आलं. मी तिच्या शेजारी बसून खाली सांडलेले तांदूळ गोळा करत राहिलो.

दाजी, मला अजून पुरतं पटलेलं नाही. बायकोला सांगितलंत आणि मेहुण्याला नाही, हे एक. धंद्यातला माणूस म्हणून तुम्ही कमीपणा घेतलात, हे दुसरं. मुखेडपासून लातूरपर्यंतच्या वायरमनांत तुमचं नाव, आणि स्वतःच्याच गाडीतला फॉल्ट सापडत नाही म्हणून लोक हसले तर तुम्ही “असंल” म्हणून भाकर मोडत राहिलात. मला हे जमलं नसतं. मी दुसऱ्याच दिवशी बटण दाखवून मोकळा झालो असतो. आताही बघा, सांगतोच आहे. अक्का म्हणते ते खोटं नाही.

अहमदपूर, जांब करत गाडी मुखेडला नेली. दोन्ही बाजूंना रानं नुसती उघडी पडलेली, हिरवं म्हणून काही नाही. वाटेत तीनदा लोकांनी हात करून थांबवलं आणि तुमच्याकडं बघायला आत डोकावले. मी बसलेला बघून त्यांचे चेहरे पडले. मला त्यांची क्षमा मागावीशी वाटली.

यंदा पाणी नाही म्हणून मिरवणूक लहान होती. नाच नाही, फवारे नाहीत. प्रतिमा मागच्या सीटवर, आणि गाडीच्या मागं पांढऱ्या साड्यांतल्या बाया. त्यांच्यात सगळ्यात पुढं अक्का चालत होती. ऊन उतरलं होतं. बाजारगल्ली संपली, तो कोपरा आला, आणि पुढची माणसं थांबली. मीही ब्रेक दाबला.

सगळ्यांनी कान लावले. प्रत्येकाच्या तोंडावर तेच होतं. मिस्त्री नाही, आता गाडी वाजते का नाही? माझा पाय ब्रेकवर होता. तुमचा होता तिथंच. मला त्या पेडलची गरमी लागली, आणि मला तुम्ही दिसलात, मान कललेले, ओठांत टेप धरलेले. पाय उचलेना, दाजी. खरंच उचलेना.

तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. कुणी तिला विचारलं नव्हतं, जन्मभर शेडच्या दारातून ऐकत आली तेवढंच.

“लागली रे! सोड आता. पाय काढ.”

मी पाय काढला. गाडी हळूहळू डावीकडं वळली आणि मी टाच दाबली. तुम्ही वाजवायचात तेवढाच वाजवायचा असं ठरवून आलो होतो, पण टाच काही सुटेना. वळण संपलं, गाडी सरळ झाली, विहाराची कमान दिसायला लागली तरी हॉर्न वाजतच होता. कुणी टाळ्या वाजवत होतं, म्हाताऱ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या, आणि मला समोरचं धड दिसत नव्हतं.

विहारासमोर गाडी थांबवली तेव्हा कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, “मिस्त्री, फॉल्ट वाढला की ओ. काढा की एकदा.”

“हाव,” मी म्हणालो. “लई शोधला. न्हाई सापडत.”